औषधाची सारखी वाटणी

काटेमामांचं खरं नाव काय, हे गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं, आणि आठवायची कुणाला गरजही पडली नव्हती. किराणा मालाचं दुकान, दुकानात वडिलांच्या वेळचा दोन पारड्यांचा तराजू, आणि त्या तराजूचा काटा मधोमध उभा राहीपर्यंत श्वाससुद्धा न सोडणारा हा माणूस. आजूबाजूच्या दुकानांत आकडे दाखवणारी विजेवरची यंत्रं आली, मामांनी काही घेतलं नाही. "आत बसून आकडा कोण लिहितो, ते दिसतं का तुम्हाला?" ते गिऱ्हाइकाला विचारत. "काटा तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत उभा राहतो. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी."

दोन भावंडं एकाच बिस्किटासाठी भांडत आली की मामा ते बिस्कीट मोडून दोन तुकडे दोन पारड्यांत टाकत. एक तुकडा जड भरला तर त्याचा कोपरा तोडून स्वतःच्या तोंडात टाकत. मग दुसरा जड भरे. असं करता करता काटा सरळ होईपर्यंत बिस्किटाचा बराचसा भाग न्यायाच्या कामी खर्ची पडलेला असे. मुलं उरलेलं घेऊन गुपचूप जात. तक्रार कशाची करणार, दोघांना सारखंच मिळालेलं असे.

अशा या माणसाचा जगात दोन गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. एक, स्प्रिंगचा काटा. दुसरी, आरोग्यावरची संशोधनं. आणि या दुसऱ्या अविश्वासाला कारण होती रद्दी.

मामा वर्तमानपत्र वाचत ते पुड्या बांधताना. रद्दीच्या गठ्ठ्यात कुठल्या वर्षाचं पान कुठे निघेल याचा नेम नसे, त्यामुळे त्यांच्या दुकानात विज्ञान मागे-पुढे कसंही चाले. आधी कळे की अंड्यातला पिवळा बलक निर्दोष सुटला. मग काही दिवसांनी डाळीची पुडी बांधताना कळे की बलकावर आरोप ठेवण्यात आला आहे. "काल सोडला, आज पुन्हा पकडला!" मामा पुडीला दोरा गुंडाळत कडाडत. "यांना तरी कळतंय का, काय शोधतायत ते?" पानाच्या कोपऱ्यात तारीख छापलेली असते, तेवढं बघितलं असतं तर निम्मी भांडणं मिटली असती. पण मामांना हे सांगणार कोण? साखर ते तोलून देत, व्याख्यान मात्र तोलून देत नसत, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असे.

दुकानाच्या मागच्या खोलीत मामींचं शिवणाचं मशीन होतं. मामींच्या कात्रीचं गल्लीत नाव होतं. खडूची रेघ न मारता त्या कापड असं कापत की उरलेल्या तुकड्यातही काहीतरी निघावं. पण दोन-तीन वर्षांपासून त्यांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. सकाळी उठल्यावर मूठ उघडत नसे. गरम पाण्यात हात बुडवून बसल्यावर कुठे बोटं एकेक करून जागी होत. कात्री हातातून निसटू लागली, तेव्हा मामींनी मोठी शिवणं घेणं बंद केलं आणि नुसत्या पट्ट्या दुमडायचं, बटणं लावायचं काम ठेवलं. त्यालाही सुई ओवता येईना. मग दुकान उघडण्यापूर्वी मामा मागच्या खोलीत जाऊन दिवसभराच्या सुया ओवून शिवणाच्या छोट्या उशीला टोचून ठेवत. या कामाबद्दल दोघंही काही बोलत नसत. तीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी बोलल्या की दुखतात, एवढं दोघांनाही समजत होतं.

रस्त्याच्या टोकाच्या इस्पितळात सांध्यांच्या दुखण्यावर नवीन औषधाची चाचणी निघाली, तेव्हा मामींनी स्वतः जाऊन नाव दिलं. समजावून सांगायच्या दिवशी मामाही बरोबर गेले, म्हणजे भांडायलाच गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, आणि शांत माणसाशी भांडणं मामांना जड जाई.

"अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल," बाई म्हणाल्या, "आणि अर्ध्यांना नुसती, आत औषध नसलेली. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला कुठली, हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही. सगळं संपल्यावरच ते उघडायचं."

मामांनी चष्मा काढून पुसला. "बाई, माझ्या दुकानात मी अर्ध्या गिऱ्हाइकांना साखर दिली आणि अर्ध्यांना खडूची पूड, आणि वर म्हटलं की कुणाला काय दिलं ते मलाही ठाऊक नाही, तर लोक मला जोड्याने मारतील."

"मारतील," बाईंनी कबूल केलं. "पण मामा, कुणाचं तोंड खरंच गोड झालं आणि कुणाला नुसतं तसं वाटलं, हे ओळखायला दुसरा रस्ता नाही. गोळी पाहून आणि माझं तोंड पाहूनही माणसाला बरं वाटतं."

मामांना हे अजिबात पटलं नाही. मामींनी मात्र मुठीत पेन धरून सही केली.

त्याच दिवशी समोरच्या सुतारकाकांनीही नाव दिलं. त्यांची बोटं मामींपेक्षा वाईट होती, रंधा धरता येत नव्हता. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, सलूनवाला, जुना पोस्टमन असे आजूबाजूच्या गल्ल्यांतले बरेच जण होते. दर गुरुवारी ही सगळी मंडळी इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या लांब बाकावर रांगेत बसत. आत बोलावलं की एक रबरी फुगा मुठीत धरून दाबायचा, शेजारच्या तबकडीवर काटा सरके, आणि पुढच्या गोळ्यांची बाटली मिळे. तबकडीचा काटा स्प्रिंगचा आहे हे मामांनी पहिल्याच गुरुवारी सगळ्यांना सांगून टाकलं.

आणि मग एका सकाळी मामा नेहमीप्रमाणे सुया ओवायला मागच्या खोलीत गेले, तर उशीवर सुया ओवलेल्याच होत्या. मामी मशीनपुढे बसून कात्रीने कापड कापत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण हसू काही त्यांना लपवता आलं नाही. मामा दारातच उभे राहिले. मग त्यांनी ओरडून विचारलं, "चहाचं काय?" आनंद झाला की ते असेच ओरडत.

आता याहून वेगळं काय हवं होतं? माणसाने गप्प बसावं, बायको बरी होतेय ते बघावं. पण मामांचा स्वभाव आडवा आला. सुतारकाका दुकानात येत, त्यांना पिशवीचा बंद बोटांत धरता येत नसे. पिशवी मनगटाला अडकवून ते म्हणत, "तुमच्या घरात साखर आली मामा, माझ्याकडे खडू." म्हणत हसतच, पण मामांच्या जिवाला ते लागे. एकाच बाकावर बसलेली दोन माणसं, दुखणं एकच, आणि एकाचं पारडं भरलेलं नि दुसऱ्याचं रिकामं! काटा असा उघडउघड कललेला त्यांनी उभ्या जन्मात चालवून घेतला नव्हता. त्यांना जेवण गोड लागेना.

गुरुवारी त्यांनी बाकावर विषय काढला. गोळ्या दिसायला सारख्याच आहेत. सगळ्यांच्या बाटल्या एकत्र ओतायच्या, नीट कालवायच्या आणि ज्याच्या बाटलीत जितक्या होत्या तितक्या मोजून परत भरायच्या. म्हणजे खरं औषध सगळ्यांच्या पोटात सारखं जाईल. इस्पितळाला जमला नाही तो न्याय आपण करू.

"पण हे नियमात बसतं का?" सलूनवाल्याने विचारलं.

उत्तर मास्तरीणबाईंनी दिलं. "विद्या वाटल्याने वाढते," त्या म्हणाल्या, "मग औषधाने काय घोडं मारलंय?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईंनीच असं म्हटल्यावर बाक निश्चिंत झाला.

दुपारी दुकान बंद करून, हात स्वच्छ धुऊन मामांनी परात मांडली. बाटल्या एकेक करून येऊ लागल्या. मामींची बाटली फळीवर होती, ती घ्यायला मामांनी हात वर केला.

"अहो, माझ्या बोटांना विचारलंत का?" मामी म्हणाल्या.

"अगं, सुताराच्या बोटांकडे बघ जरा."

मामींनी बघितलं. सुतारकाका परातीपाशी बसले होते आणि हात मांडीखाली लपवत होते. मामींना नाही म्हणता आलं असतं. पण दुसऱ्याच्या देखत एकटीनेच बरं होणं सोपं नसतं. त्यांनी स्वतःच बाटली काढून परातीत उपडी केली.

यानंतर ही वाटणी नित्याचीच झाली. बाकाच्या कडेला बसणारे, एरवी कुणाशी न बोलणारे लोकही बाटल्या घेऊन येऊ लागले. हळूहळू सुतारकाकांची बोटं थोडी सैल झाली. त्यांनी मामींच्या कापायच्या टेबलाचा हलणारा पाय ठोकून दिला आणि मामांनी तो पाय गल्लीभर दाखवला. मामींच्या उशीवर मात्र काही सुया ओवलेल्या असत, काही नसत. "अर्धं तर अर्धं," मामा म्हणत, "पण सगळ्यांचं!" मामी कात्री ठेवत आणि बटणांचा डबा ओढून घेत.

चाचणी संपली. बाटल्या बंद झाल्या, आणि महिन्याभरात बाकावरच्या सगळ्यांची बोटं होती तशी झाली. मामींची मूठ सकाळी पुन्हा उघडेना. आणि मग बातमी आली. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा ताजं वर्तमानपत्र विकत घेतलं. मथळा होता, सांधेदुखीवरचं नवं औषध निष्प्रभ. खऱ्या आणि रिकाम्या गोळीत काहीच फरक नाही.

मामांनी ते पान कापून तराजूच्या वर चिकटवलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" ते येईल त्याला सांगू लागले. "माझ्या घरात बाईमाणसाने सुई ओवली, मी या डोळ्यांनी बघितली, आणि हे म्हणतात औषधात दम नाही! यांना डोळे आहेत की बटणं? सगळं संशोधन असंच. घरबसल्या लिहायचं आणि छापायचं!" गिऱ्हाइकं माना डोलवत. कुठलीही गोष्ट खोटी आहे हे ऐकायला माणसाला बरंच वाटतं, अभ्यासाचा त्रास वाचतो. व्याख्यान असं काही रंगलं की पोस्टमनने आपली रक्तदाबाची गोळीसुद्धा संशोधनाचीच अवलाद म्हणून सोडून दिली आणि चक्कर येऊन तांदळाच्या पोत्यावर बसला. तरीही मामांचं तोंड थांबलं नाही. खरं तर ते रोज थोडं जास्तच ओरडत होते, कारण ओरडणं थांबलं की मागच्या खोलीतून कात्री पडल्याचा आवाज येई.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आभार मानायला आणि निकाल समजावायला बोलावलं. मामा ते चिकटवलेलं पान सोलून खिशात घालून गेले, जाब विचारायला.

इस्पितळाच्या सभागृहात तोच बाक आता रांगेने खुर्च्यांवर बसला होता. बाई थकलेल्या दिसत होत्या. "तुमच्यासारखे रुग्ण मी पाहिले नाहीत," त्या म्हणाल्या. "एकही गोळी चुकली नाही, हरवली नाही. दर गुरुवारी ज्याच्या त्याच्या बाटलीत अगदी बरोबर उरलेल्या. इतकी शिस्त कुठेच नसते." मामांनी मिशीवरून हात फिरवला. मोजणी त्यांची होती.

मग मामा उठले. "बाई, माझी मंडळी बरी झाली होती. ते तुमच्या कागदात का नाही?"

"झाल्या होत्या," बाई म्हणाल्या. "त्या एकट्याच नाहीत. हे बघा." त्यांनी भिंतीवर चित्र लावलं. दोन रेघा होत्या, एक लाल आणि एक निळी. "लाल रेघ खऱ्या गोळीवाल्यांची, निळी रिकाम्या गोळीवाल्यांची. मुठीत किती जोर आला, ते यात आहे. सुरुवातीला बघा, लाल कशी वर निघाली आहे. आम्हाला वाटलं, औषध सापडलं. आणि मग इथे," त्यांनी बोट ठेवलं, "लाल खाली आली, निळी वर गेली, आणि पुढे शेवटपर्यंत दोघी बरोबरीने चालल्या आहेत. असं का झालं, मला कळत नाही. मी खूप डोकं फोडलं. काहीही असो, ज्याचा फरकच दिसत नाही ते औषध पुढे नेता येत नाही. काम आता कायमचं बंद होतंय."

मामा भिंतीकडे बघत राहिले. आधी एक बाजू वर, मग हळूहळू खाली, दुसरी वर, आणि मग दोन्ही सारख्या. काटा मधोमध. असं चित्र त्यांनी आयुष्यभर रोज पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांना समाधान वाटलं होतं. इतकी चोख वाटणी त्यांच्या हातूनही क्वचितच झाली असेल.

सुतारकाका चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसले. मास्तरीणबाईंना पर्समध्ये काहीतरी फार महत्त्वाचं सापडत नव्हतं. मामा खाली बसले असते, तर हा विषय तिथेच संपला असता. गल्लीत त्यांचा शब्द तसाच राहिला असता, पान पुन्हा तराजूवर लागलं असतं, आणि खोटं ठरलं असतं ते औषध. त्यांनी शेजारी पाहिलं. मामी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटं आत वळलेली, मिटलेली, आणि त्या एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं सरळ करून बघत होत्या.

"बाई," मामा म्हणाले. त्यांचा आवाज दुकानातला नव्हता. "तुमचा काटा बरोबर आहे. पारड्यात हात मी घातला."

पुढे सगळं सांगायला वेळ लागला, कारण मध्येच सगळे एकदम बोलू लागले. सलूनवाला म्हणाला, मी विचारलं होतं नियमात बसतं का. मास्तरीणबाई म्हणाल्या, माझा उद्देश शैक्षणिक होता. सुतारकाका तेवढे पुटपुटले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय." डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. आधी त्या हसायला लागल्या, मग त्यांनी डोळे पुसले, आणि मग विचारलं, "परातीत? सगळ्यांच्या?"

"धुतलेली होती," मामा म्हणाले.

औषधाचं काम बंद झालं नाही. पण चाचणी पुन्हा पहिल्यापासून करायची ठरली, दुसऱ्या लोकांवर. जुन्या बाकावरच्या कुणालाही त्यात घेता येणार नव्हतं. "आणि हिला?" मामांनी मामींकडे बघत विचारलं. "आता तर माहीत झालंय ना, हिला लागू पडतं ते?"

"माहीत नाही झालं, मामा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तेच तर कळू शकलं असतं. आता हे सगळं पार पडून औषध दुकानात येईपर्यंत त्यांना थांबावं लागेल. काही वर्षं."

दोघं घरी आली. मामी नेहमीसारख्या बटणांचा डबा घेऊन बसल्या. त्यांनी आदळआपट केली असती तर मामांना सोपं गेलं असतं.

त्यानंतर तराजूवर पान लागलं नाही. रद्दी वाचायची सवय सुटली नाही, पण मामा आता आधी तारीख शोधतात. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "ही संशोधनं म्हणजे निव्वळ फसवणूक हो," तर ते काटा स्थिर होईपर्यंत थांबतात आणि म्हणतात, "फसवणूक असते, नाही असं नाही. पण फसवतंय कोण, ते आधी घरात बघून यावं." गिऱ्हाइकाला काही कळत नाही. तो साखर घेऊन जातो.

आणि दर गुरुवारी मामा दुकान तासभर बंद ठेवून इस्पितळाच्या व्हरांड्यात जातात. त्यांना कुणी बोलावलेलं नाही. नव्या बाकाच्या टोकाशी ते राखणदारासारखे बसतात. मागच्याच गुरुवारी एक बाई शेजारणीला म्हणाली, "तुम्हाला काहीच फरक नाही ना? मला खूप आहे. माझ्यातल्या निम्म्या देऊ का तुम्हाला?" तिचा आवाज इतका मायेचा होता की मामांना आपली परात आठवली. तरी ते उठून उभे राहिले.

"खबरदार! एकही गोळी द्यायची नाही!"

"अहो, त्यांचे हात बघा तरी!"

"बघितलेत. तरी द्यायची नाही."

"दगडाचं काळीज आहे मेल्याचं," ती बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि सगळ्या बाकाने तिच्या बाजूने मान हलवली.

मामा घरी आले. मामी मशीनपाशी बसल्या होत्या, पुढ्यात बटणांचा डबा होता.

"काय झालं?"

"शिव्या बसल्या."

"बऱ्याच?"

"बऱ्याच."

"मग ज्याच्या गोळ्या तोच घेतोय म्हणायचं," मामी म्हणाल्या, आणि हातातली सुई आणि दोरा त्यांनी मामांपुढे धरला. मामांनी चष्मा पुसला, सुई उजेडाकडे धरली आणि दोरा ओवायला घेतला.